झाकण उघडण्याआधी

ती. आईला,
शेगडीच्या उबेला बसलेल्या लेकीचा नमस्कार.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

हॉटेलात मला आता कोळशाच्या शेगडीवर घेतलंय. शेगडी कसली, भाजलेल्या मातीचा जाडजूड रांजणच, वर तसंच जड झाकण. फुंकणी नाही, पंखा नाही. दोन-चार कोळसे पेटवायचे, झाकण लावायचं आणि खालच्या-वरच्या झडपांतून बेतानं हवा सोडायची. तापायला लागली की वेळीच झडपा आवळायच्या, कारण एकदा माती तापली की दुपारभर निवत नाही. अगदी आपले बाबा!

झडपा लावल्या की विस्तव विझल्यासारखा वाटतो, पण तो हवेसाठी नुसता टपलेला असतो. झाकण झटकन उघडलं की भडका थेट तोंडावर येतो. म्हणून आधी बोटभर उघडायचं, जरा थांबायचं, मग पुरतं उघडायचं.

रविवारी दादा-वहिनी येणार ना? लग्न झाल्यापासून बाबा दादाशी बोललेले नाहीत, आणि तू लिहितेस की दोघांना समोरासमोर बसवून एकदाचं मिटवून टाकते. तसं करू नकोस गं. त्या दिवशी नुसता चहा होऊ दे. बाबांना कप वहिनीच्या हातून जाऊ दे, आणि तू मध्ये बोलू नकोस.

तुझा गुडघा कसा आहे?

माझा फोटो मागितला होतास. पाठवते, भुवया परत आल्या की.

तुझीच,
धाकटी