खांद्यावरची लेन्स

रविवार, ४ तारीख, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझा गुडघा, भावोजींचा खोकला आणि तुझ्या लेकीची परीक्षा, तिन्ही ताळ्यावर असतील असं धरून चालते. मी मजेत आहे. आयुष्यभर लोकांच्या कवळ्या बनवल्या, आता निवृत्त झाल्यावर पाखरांच्या चोची बघत बसते. तुला म्हणून सांगते, चोचीचं काम जास्त सुबक आहे. कुठे घासावं लागत नाही की बसवून बघावं लागत नाही.

हो, ती मोठी लेन्स घेतलीच, चार-पाच महिने झाले. ओरडू नकोस. हौसेला मोल नसतं हे तूच मला लहानपणी शिकवलंस, आता भोग. पण वजन काय गं मेलीचं! तुझी लेक जन्मली तेव्हा हातात जेवढी लागली होती ना, तेवढी. फरक एवढाच की हिला डोळ्यासमोर आडवी धरायची आणि जराही हलू द्यायची नाही. गाईला आपली शिंगं जड होत नाहीत म्हणतात. मला झाली. पहिल्या दिवशी तळ्यावर खंड्या अगदी समोरच्या फांदीवर बसला होता, आणि फोटोत आला नुसता निळा डाग. तीन पायांचा स्टँड बंधाऱ्यावर मांडला, तर पळायला येणारा एक जण त्यात अडकून आडवा झाला आणि वर मलाच चार शब्द सुनावून गेला. मीही त्याला सहा सुनावले.

सध्या लेन्स एका गृहस्थांच्या खांद्यावर टेकवते. घड्याळं दुरुस्त करायचं दुकान आहे त्यांचं, रविवारी तळ्यावर फिरायला येतात. मी ही अशी ताडमाड आणि ते बुटके, त्यामुळे खांदा बरोबर हवा त्या उंचीवर येतो. खांद्यावर टॉवेलची चौघडी टाकतात, कॅमेऱ्याची खटखट लागू नये म्हणून उजव्या कानात कापूस घालतात आणि माझ्याकडे पाठ करून खांबासारखे उभे राहतात. बारीक कामामुळे श्वास रोखायची सवय आहे. "घ्या," म्हणतात आणि श्वास धरतात. आजवर एकदाच शिंकले. त्या दिवशीचे सगळे फोटो आभाळाचे आहेत.

आता भुवया वर नेऊ नकोस. सोय आहे, दुसरं काही नाही. तुझी ती आखूडशिंगी बहुदुधी स्थळं परतवून लावताना तुझ्याकडून वचन घेतलं होतं, की माझ्या लग्नाचा विषय पुन्हा काढायचा नाही. ते वचन अजून लागू आहे.

तुझी नेहमीची,
एकटा जीव सदाशिव

*

रविवार, २५ तारीख

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. त्यात घड्याळवाल्यांबद्दल अकरा प्रश्न आणि माझ्या तब्येतीबद्दल एकही नाही. वा!

तर ऐक. मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं, पण त्याच सकाळी त्यांच्या टॉवेलला मलमाचा वास आला. "खांदा दुखतो का?" विचारलं तर म्हणे, "छे छे, दुखतंय कुठे!" आणि हात वर करून टोपी नीट करायला गेले तर हात कानापर्यंतच पोचला. मला कसंतरीच झालं. दुसऱ्याच दिवशी जाऊन मोनोपॉड आणला. म्हणजे एकाच पायाचा स्टँड. काठीच म्हण ना, वर लेन्स बसते आणि खाली रबराची टोपी. बंधाऱ्यावर कोणाच्या पायात येत नाही, आणि पक्षी उडाला की काठीसकट वळायचं.

पुढच्या रविवारी तो त्यांना दाखवला. चांगली हसत म्हटलं, "सुटलात तुम्ही! आता तुमच्या खांद्याची गरज नाही." ते "बरं" म्हणाले. टॉवेलची घडी मोडून पुन्हा नीट घातली, माझ्या हातात दिली. "लेन्स पुसायला होईल," म्हणाले, आणि गेले.

त्यानंतर दोन रविवार आले नाहीत. नाही तर नाही. मला काय करायचंय?

काठीने मात्र माझी परीक्षाच बघितली. मी शहाणीने ती कॅमेऱ्याला लावली. लेन्सचं नाक सारखं खाली, जणू तळ्यात पडलेलं काही शोधतेय. तासभर झटापट केल्यावर डोक्यात उजेड पडला, की काठी कॅमेऱ्याला नाही, लेन्सच्या पोटाखाली जी पट्टी असते तिला लावायची. मग भार समान झाला आणि एका बोटाने लेन्स वळायला लागली. तरी डावीउजवीकडे डुलायचीच. त्यावरही उपाय सापडला. काठी जराशी पुढे टेकवायची, आपण पाय फाकवून उभं राहायचं आणि अंगाचा थोडा भार तिच्यावर टाकायचा. एक पाय तिचा, दोन आपले, झाले तीन. अगं, काय खुशीत आले मी! बंधाऱ्यावर एकटीच टाळी वाजवली.

आणि आज खंड्या सापडला! पाण्यात सूर मारून मासा घेऊन वर आला, पंख पसरलेले, एकेक थेंब वेगळा दिसतोय. मी ओरडले, "मिळाला बरं का, मिळाला!" आणि समोर बघितलं. समोर कोणीच नव्हतं. कुत्रं फिरवायला आलेल्या एक बाई माझ्याकडे बघायला लागल्या, आणि त्यांचं कुत्रंसुद्धा.

बाकी सगळं छान चाललंय. फोटो सोबत पाठवते. टॉवेल धुऊन इस्त्री करून ठेवलाय. लेन्स पुसायला वापरला नाही. का, ते विचारू नकोस.

तुझी,
एकटा जीव सदाशिव

*

सोमवार, १० तारीख, सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार, आणि भावोजींनाही. हे पत्र वाचताना खुर्चीवर बस.

तुझं उत्तर आलं. माझ्या एवढ्या सुंदर फोटोबद्दल अवाक्षर नाही, फक्त एक ओळ: "गरज सरो, वैद्य मरो, असं वागलीस आणि वर छान चाललंय म्हणतेस?" राग राग आला तुझा. पत्र फाडणार होते. त्याऐवजी चांगलं चालू असलेलं मनगटी घड्याळ काढलं, टॉवेल घेतला आणि त्यांच्या दुकानात गेले.

दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि भिंतभर घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. ते डोळ्याला भिंग लावून बसले होते. माझं घड्याळ उघडलं, बघितलं, बंद केलं.

"हे तर ठणठणीत आहे."

"माहितीये मला. तळ्यावर का येत नाही?"

"आता माझं काय काम तिथे? टेकू बदललात ना तुम्ही."

"टेकूशी कोणी इतकं बोलतं का हो? खांदा दुखत होता तुमचा, म्हणून आणली ती काठी! जीव जळत होता माझा त्या मलमाच्या वासाने." ताई, माझा आवाज इतका चढला की शेजारचा चांभार दारात येऊन उभा राहिला. मग म्हटलं, आता झालंच आहे तर होऊन जाऊ दे. "इतके महिने तुमच्या डोक्याचा मागचा भाग बघतेय. पाठ झालाय मला. आता तुमचं तोंड बघायचंय. शेजारी उभं राहता येत नाही का तुम्हाला?"

त्यांना भिंग काढायचंसुद्धा सुचलं नाही, त्यामुळे एक डोळा केवढा तरी मोठा दिसत होता, आणि त्यात पाणी आलेलंही मोठं दिसलं. मग हळूच म्हणाले, "मी इतके महिने एकही पक्षी धड बघितला नाही, माहितीये? डोळे मिटून उभा असायचो. तुमचा श्वास ऐकत."

"कानात कापूस घालून?"

"उजव्या कानात. डाव्यात कधीच घातला नाही."

चांभार म्हणाला, "हो म्हणून टाका बाई, गिऱ्हाईक ताटकळलंय माझं." मी हो म्हटलं. अजून कोणी काही विचारलंही नव्हतं, तरी म्हटलं.

काल रविवारी दोघं गेलो. बाक दवाने ओला होता, त्यावर त्यांनी टॉवेल पसरला. काठीची उंची कमी केली आणि त्यांना लेन्समधून बघायला लावलं. खंड्या फांदीवर होता. ते एकदम म्हणाले, "अहो, हा तर निळा आहे!" मी इतकी हसले की तो उडूनच गेला. एकही फोटो मिळाला नाही. असा रविवार आजवर गेला नव्हता, ताई.

तर वचनातून तुला मोकळी करते. इतकी वर्षं पाळलंस, आता पोटभर बोल. पुढच्या महिन्यात नोंदणी कचेरीत सह्या करायच्या आहेत. साक्षीदार लागतात. पहिली सही तुझीच हवी, गुडघा दुखत असला तरी ये. आधाराला माझी काठी देईन. नाहीतर एक खांदा आहे, आता बराच बरा झालाय, पण तो माझा आहे, जपून वापर.

तुझी नेहमीची,
एकटा जीव

अगं, हात सवयीने गेला बघ. खोडते.

तुझी धाकटी