टेबलावर तयार झालेलं वाक्य

प्रिय भोंग्या,

माझा निकाल अडकला आहे. भरती विभागातल्या बाईंनी आज दुपारी स्वतः फोन करून सांगितलं. मुलाखतीतल्या कोडच्या दोन्ही फेऱ्या उत्तम झाल्या, अडचण तिसऱ्या फेरीतल्या एका उत्तराची आहे, आणि त्याचा उलगडा होईपर्यंत त्यांना पुढे जाता येत नाही. मी म्हटलं, पुन्हा एकदा सांगाल का. त्यांनी तेच शब्द तितक्याच शांतपणे पुन्हा सांगितले. फोन ठेवला तेव्हा गॅसवर दूध उतू जात होतं आणि मी समोर उभी राहून ते बघत होते. हात पुढे करावा हे सुचलंच नाही.

कोडच्या फेऱ्या उत्तम झाल्या त्या तुझ्यामुळे, हे आधी लिहून टाकते. प्रश्न ऐकला रे ऐकला की लिहायला धावायची माझी खोड तूच मोडलीस. ताई, आधी विचार की यादी केवढी आहे, रिकामी आली तर काय करायचं, मग पेन उचल, असं म्हणून तू माझ्या हातातून मार्कर काढून घ्यायचास. कपाटाच्या आरशावर कोडच्या सरावासाठी आपण काढलेली ती डेटाची उलटी झाडं मी अजून पुसलेली नाहीत. तुझे भाऊजी रोज त्या फांद्यांमधून स्वतःची हनुवटी शोधत दाढी करतात आणि म्हणतात, हिला नोकरी लागेपर्यंत माझं नाक कापलं जाणार.

आणि ते जेवणाचं टेबल. तू पलीकडे, बाबांचा जुना चष्मा नाकाच्या शेंड्यावर लावून, आवाज घोगरा काढून. बाई, मधली सहा वर्षं तुम्ही काय करत होतात? मूल वाढवत होते, साहेब. मग त्याचा आमच्या कंपनीला उपयोग काय? साहेब, झोपलेलं मूल न उठवता घर आवरता येतं मला, तुमची चालू सिस्टीम काय चीज आहे. तू हसून चष्मा टेबलावर पाडायचास आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. घरी बसल्यानंतर मी माणसांसमोर बोलायलाच घाबरत होते. ती भीती त्या टेबलावर गेली.

तिसऱ्या फेरीत हमखास विचारतात, कामात काही गंभीर बिघडलं तेव्हा तुम्ही काय केलंत. त्यासाठी मी तुला रुग्णालयाची गोष्ट सांगितली होती. जुन्या ऑफिसात आम्ही तपासणीच्या वेळा कळवणारी प्रणाली सांभाळायचो. एका सकाळी तिच्यात घोळ झाला आणि वारलेल्या रुग्णांच्या घरी मेसेज गेले, उद्या तपासणीला या म्हणून. सगळे स्क्रीनला चिकटले. मी ती नावं घेऊन कोपऱ्यातल्या टेबलावर बसले आणि एकेका घरी फोन करत गेले. तू तीन-चारदा ऐकलंस आणि म्हणालास, ताई, तू फार पसरट सांगतेस. मग आपण दोघांनी मिळून तिला आकार दिला. शेवटचं वाक्य तर तूच बसवलंस: ‘कोड दुरुस्त करायला चौघं होते, माफी मागायला कुणी नव्हतं, म्हणून मी उठले.’

परवा त्या काचेच्या खोलीत माझ्यासमोर दोघं होते, एक पिकल्या केसांचे गृहस्थ आणि एक तरुण मुलगी. मी गोष्ट सांगितली, अगदी आपण ठरवली तशी. शेवटच्या वाक्याला त्या मुलीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, ही गोष्ट आम्ही याच खोलीत ऐकली आहे. शेवटचं वाक्यही हेच होतं. मला वाटलं, माझी परीक्षा घेण्यासाठी मुद्दाम बोलताहेत. मी हसलेसुद्धा. ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, पहिला फोन कोणी उचलला? मी सांगितलं, एका आजोबांनी. मी माफी मागितली तर ते म्हणाले, असू दे मुली, कितीतरी दिवसांनी कुणीतरी हिचं नाव लिहिलं. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. तुलाच काय, तुझ्या भाऊजींनाही नाही. ते गृहस्थ मग बराच वेळ काही लिहीत राहिले.

बाहेर पडताना मी जुन्या ऑफिसातल्या एकेका चेहऱ्यावर संशय घेत होते. त्या चौघांपैकी कुणी सांगितली असेल? की आमच्या टीममधला तो बढाईखोर? लिफ्टचं दार बंद झालं आणि तेव्हा लक्षात आलं की ते वाक्य त्या ऑफिसात कुणी कधी उच्चारलेलंच नाही. ते आपल्या टेबलावर तयार झालं होतं. लिफ्ट खाली पोचली, दार उघडलं, पुन्हा मिटलं, आणि मी आतच.

दोन दिवस मी स्वतःलाच समजावत होते की काहीतरी योगायोग असेल. आज त्या बाईंच्या तोंडून निसटलं, की ती गोष्ट आधी सांगणारा उमेदवार निवडला गेला आहे आणि एक तारखेला रुजू होतो आहे. मग समजावायला काही उरलं नाही. त्याच कंपनीत तुझी मुलाखत माझ्या दोन आठवडे आधी झाली. तू आलास तेव्हा मी विचारलं होतं, तिसऱ्या फेरीत काय सांगितलंस? तू पाणी पीत म्हणालास, दिलं काहीतरी ठोकून. मी तुझ्या पाठीत धपाटा घातला होता, कौतुकाने. निवड कळली तेव्हा तुझ्याआधी मी रडले.

मला राग यायला हवा, पण तो अजून आलेला नाही. जिना संपला असं वाटून पाऊल टाकावं आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तशी मी दुपारपासून आहे. तू एकदा म्हणाला होतास, ताई, माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाहीच, चार वर्षांत माझ्या हातून काही बिघडलंही नाही आणि सुधरलंही नाही. मी त्यावर खो खो हसले होते. तू हसत नव्हतास, हे मला आज आठवतंय. तरीही, भोंग्या, त्या घरांमध्ये माणसं गेली होती रे. तू मागितली असतीस तर मी तुला माझं काहीही दिलं असतं. हे मात्र माझ्या एकटीचं नव्हतं.

फोन न करता लिहिते आहे, कारण तुझा आवाज ओला झाला की मी विरघळते आणि तू म्हणशील त्याला हो म्हणते. तू जुन्या जागी राजीनामा दिला आहेस, आई जिन्यात भेटेल त्याला तुझ्या नोकरीबद्दल सांगते आहे, हे सगळं मला माहीत आहे. आपली आडनावं वेगळी, त्यामुळे आपण भाऊबहीण आहोत हे तिथे कुणाला ठाऊक नाही. तुझे भाऊजी हे पाकीट तुझ्या हातात देतील. आत काय आहे ते त्यांना मी सांगितलेलं नाही. उद्या सकाळी त्या बाई माझ्या जुन्या साहेबांशी बोलतील आणि ते फोन कोणी केले होते हे साहेब सांगतील. दुपारी त्या मला विचारणार आहेत, तुमची गोष्ट आणखी कोणाला माहीत होती. मी तुझं नाव सांगणार आहे, आणि तू माझा कोण हेही. गप्प बसले तर खोटी मी ठरेन, आणि तेवढं मला तुझ्यासाठीसुद्धा जमणार नाही. सकाळचा वेळ तुझ्याकडे आहे. त्या बाईंचा नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे. तू स्वतः सांगितलंस म्हणून नोकरी वाचेल असं मी म्हणत नाही, बहुधा जाईलच. पण मग दुपारी माझा फोन वाजेल तेव्हा त्यांना ते आधीच कळलेलं असेल, आणि तुझ्याच तोंडून.

उद्या काहीही झालं तरी तुझीच,
ताई