गोट्यांच्या गोलातल्या आजीले

प्रिय आजी,

तू बाई का बुवा, मले ठाऊक नाई. मी आपलं आजीच म्हणते. आज लिहून राह्यली, कारण उद्या सकाळी माह्ये दीर मशीन आणून राह्यले. तुह्या थडग्याभवतालचे गोटे उपटून कडेच्या धुऱ्यावर फेकणार अन् वावर सपाट करणार.

आमच्या घरी सारे म्हणत, हा गोल म्हंजे जुन्या गवळ्यांचा कोठा. म्हणून सासरे गोलात बैलं बांधत. अन् मी? नवी नवी आली तवा त्यातला एक चपटा गोटा बैलबंडीत घालून घरी आणला, धुणं धुवायले. त्याच्यावर वाटीएवढे खळगे होते, साबण ठेवायले बरे पडत. वीस वर्षं त्याच्यावर चादरी आपटल्या. काऊन नाई बोलली गं तू? सपनात येऊन दोन शिव्या तरी द्यायच्या!

मंग कॉलेजातल्या दोन पोरी मोजायचा टेप घेऊन आल्या. म्हणाल्या, "काकू, हे लोखंडाच्या काळातलं थडगं आहे. अडीच-तीन हजार वर्षांचं."

मले लय लाज वाटली. त्याच दिवशी नवऱ्याले बंडी जुंपायले लावली अन् गोटा जागेवर नेऊन ठेवला. तो कुरकुरला, पण आला.

बैलं होते तोवर वखर तुले वळसा घालून जाये. आता ट्रॅक्टरले वळण पुरत नाई म्हणे. कापसाच्या पऱ्हाटीच्या चार ओळींसाठी म्हातारीले उठवायचं? अन् माह्या नवरा भावापुढं तोंड उघडत नाई. त्याचा मले दिरापेक्षा जास्त राग आहे.

आज जेवताना मी म्हटलं, गोट्यांले हात लावायचा नाई. दीर हासले.

"वहिनी, ते मढं तुमचं कोण लागते? त्याच्यासाठी रडणारं एक तरी माणूस उरलं का?"

मी ताटावरून उठली. भांडे घासताना उत्तर सुचलं.

उद्या मशीन यायच्या आधी मी गोलात येऊन बसीन. पोलीस पाटलाले बोलावू दे, नाई तर साऱ्या गावाले. सातबाऱ्यावर माह्यंही नाव आहे, अन् ते कोणी मेहरबानीनं चढवलं नाई. सांगीन त्याईले, म्हातारी माह्या घरची आहे. तिले उठवायचं, तर आधी मले उचला.

तुह्यी नातसून,
सुमन