वकीलसाहेबांचा राहू

गुलमंडी, औरंगाबाद
ता. ६ डिसेंबर १९३७

ती. दादांच्या चरणी धाकट्या द्वारकाचा शि. सा. न. वि. वि.

इथं सगळे खुशाल. आमच्या बन्सीसाठी तुम्ही सांडूपाटलांची मुलगी सुचवलीत, त्यानं ती पाहिली आणि तेव्हापासून पोरगं आरशापुढून हलत नाही. माझाही जीव त्या पोरीवर बसलाय. पुढचं तुमच्या हाती.

आता तुमच्या दाजींची तक्रार. छावणीतला एक गोरा साहेब विलायतेला निघाला, त्याच्या सामानाचा लिलाव झाला. बाकीच्या वकिलांनी कपाटं घेतली, मेजं घेतली. ह्यांनी मासे धरायची काठी आणली! तीन तुकड्यांची, वर पितळेचं रीळ; फिरवलं की रातकिड्यासारखं किरकिरतं. सोबत घडीची खुर्ची, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि पिसं लावलेल्या गळांची डबी. बूट घालून दिवाणखान्यात उभे राहतात आणि खुंटीवरच्या पगडीवर गळ फेकायचा सराव करतात. पगडीला तीन भोकं पडली. कोर्टात ती तशीच जाते. आमिषाच्या गोळ्यासाठी माझी कणीक, हिंग, बडीशेप सगळं संपतं. परवा त्या गोळ्याच्या मी चुकून पोळ्या लाटल्या. खाऊन म्हणाले, आज हात छान बसलाय.

दर शुक्रवारी, सुट्टीला, मोहियोद्दीन वकिलांच्या मोटारीतून दोघे कायगावला गोदागंगेवर जातात. येताना दोन-तीन राहू आणतात आणि प्रत्येकाशी कशी झुंज झाली ते सगळ्या आळीला ऐकवतात. पण दादा, मासा साफ मी करते ना! एकाच्याही जबड्यात गळाची खूण नाही, अंगावर मात्र जाळ्याचे वळ. त्यात मागच्या मंगळवारी कायगावची भोईण दगडाबाई बाजाराला आली, ती घर विचारत दारात. म्हणाली, वकीलसाहेबांना या शुक्रवारी राहू लागतो का मरळ, तेवढं कळलं तर घरधनी तसं जाळं टाकंल.

मी राहू सांगितला. ह्यांना अजून काही बोलले नाही. तुम्हीही बोलू नका, गंमत जाईल.

माया आहे तशीच ठेवा.
तुमची द्वारका

वैजापूर
ता. ११ डिसेंबर १९३७

चि. सौ. द्वारकास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं, पण फार उशिरा आलं. कापसाच्या बाजारात मी सांडूपाटलांना आधीच सांगून बसलो की आमचे दाजी गंगेवरचे नामी शिकारी, एका गळावर सात शेराचा राहू काढतात. दाजींनीच मला तसं लिहिलं होतं, मला काय ठाऊक? पाटील शिवना नदीच्या काठचे, गळाचे लई शौकीन. म्हणाले, पोरगी द्यायच्या आधी घर बघायचंच आहे, तर चोवीसला, शुक्रवारी, येतो आणि व्याह्यांसंगं गळ टाकतो. वर हेही म्हणाले, की जो माशाबद्दल खोटं बोलतो त्याच्या सोयरिकीच्या शब्दाचा तरी काय भरवसा. म्हणाले हसत, पण डोळे हसत नव्हते.

मी टाळायचं पाहिलं, जमलं नाही. दाजींना वेगळं पत्र टाकलंय; त्यात मला काही ठाऊक असल्याचं दाखवलेलं नाही. तू डब्याचं निमित्त करून बरोबर जा. बन्सीला यातलं कळू देऊ नको, पोरगं जेवायचं नाही.

घरच्यांना आशीर्वाद, धीर सोडू नको.
तुझा दादा, काकासाहेब

औरंगाबाद
ता. १५ डिसेंबर १९३७

रा. रा. काकासाहेब यांस बद्रीनाथचा कृतानेक नमस्कार.

पाटील येणार हे वाचून परमानंद झाला. मात्र डिसेंबरात पाणी गार, मासा तळाला बसतो. वारा उत्तरेचा. रिळाचा एक दातही झिजला आहे. शिवाय पौर्णिमेच्या आगेमागे मासा खात नाही असं जाणते सांगतात, आणि चोवीसला ती होऊन जेमतेम आठवडा झालेला असेल. पाटलांनी दौलताबादचा किल्ला पाहावा, वेरूळ पाहावं. नदीत पाण्याशिवाय पाहण्यासारखं आहे काय? तरीही आग्रहच असेल तर माझी हरकत नाही. ऐन वेळी पुरावा कसा उभा करावा हे वकिलाला शिकवावं लागत नाही.

सौ. द्वारका कधी नव्हे ती नदीवर येते म्हणून हटून बसली आहे. तिला आपण समजवावं.

स्नेहात अंतर न यावं ही विनंती.
बद्रीनाथ

औरंगाबाद
ता. २५ डिसेंबर १९३७

ती. दादांस द्वारकाचा शि. सा. न. वि. वि.

काल काय झालं ते ऐका. पाटील, मोहियोद्दीनभाई, हे आणि मी सकाळीच कायगावला पोचलो. पाटलांची काठी साध्या बांबूची. दोघे शेजारी शेजारी गळ टाकून बसले. बारा वाजले, दोन वाजले, पाण्यावरचं बूच हलेना. पाटील मधूनच विचारत, की तो सात शेराचा कुठं लागला होता? हे एक जागा दाखवत, मोहियोद्दीनभाई भलतीच.

तीनच्या सुमाराला हात धुऊन येतो म्हणून ह्यांनी काठी माझ्या हाती दिली आणि लव्हाळ्यात शिरले. दगडाबाईनं मला काठावर उतरताच सांगितलं होतं, तिथं तिनं सुतळीला बांधून जिवंत राहू पाण्यात ठेवला होता. तो गुपचूप गळाला अडकवायचा, असा ह्यांचा बेत. हे दिसेनासे झाले आणि इकडं बूच बुडालं! रीळ किंचाळलं, काठीची कमान झाली. मी ओरडले. पाटील धावत आले, ढील द्या विहीणबाई, आता आवळा, असं सांगत राहिले. काठीला मात्र हात लावला नाही. मी पदर खोचला आणि गुडघाभर चिखलात गेले. तळहाताची सालटी निघाली, पण सोडलं नाही. शेवटी मोहियोद्दीनभाईंनी शेरवानीसकट पाण्यात उतरून मासा कवेत धरला. चांगला सहा शेराचा राहू, जबड्यात गळ रुतलेला.

वळून पाहते तर हे लव्हाळ्याबाहेर उभे, हातात सुतळीला लोंबणारा दुसरा राहू.

मला बन्सीचा चेहरा दिसायला लागला. मग ह्यांनीच मान खाली घालून सगळं सांगितलं. आजवर एकही मासा लागला नाही, आणि रिकाम्या हातानं माझ्यासमोर यायची लाज वाटायची. दादा, इतक्या दिवसांचा माझा राग तिथंच विरघळला.

पाटलांनी तो सुतळीचा राहू हातात घेऊन उलटसुलट पाहिला. ह्यांना बाजूला नेलं, कानात काही सांगितलं. हे आधी दचकले आणि मग खुर्चीत बसून असे हसले, की खुर्चीसकट घडी झाली. काय सांगितलं ते मला अजून कळू देत नाहीत. निघताना पाटील म्हणाले, घर पाहिलं, पसंत आहे. आणि तो दुसरा राहू ओल्या फडक्यात गुंडाळून स्वतःबरोबर घेऊन गेले!

तुम्हाला काही उलगडलं तर धाकटीला लवकर कळवा.
द्वारका

वैजापूर
ता. २८ डिसेंबर १९३७

चि. सौ. द्वारकास अनेक आशीर्वाद.

उलगडलं. शनिवारी पाटलांकडं जेवायचं बोलावणं होतं, राहूचं कालवण. पाटील ओसरीवर बसून पंगतीला सांगत होते, की तासभर झुंजला, ढील दिली, आवळला, अखेर एका वकिलाला शेरवानीसकट पाण्यात उतरवावं लागलं. सुरुवातीला मासा पाच शेराचा होता. माझ्या पानात रस्सा पडेस्तोवर नऊ शेराचा झाला. मी मान खाली घालून भाकरी कुस्करत राहिलो. आता व्याही ते, काय बोलणार?

साखरपुडा माघात धरलाय, बन्सीला सांग. आणि पाटलीणबाईंचा तुला एक निरोप आहे. वाढता वाढता हळूच म्हणाल्या, की आमच्या ह्यांना मासा धरता येत नाय, पण निवडतात फार चांगला, हे मी बारा वर्षं ओळखून आहे. विहीणबाईंना म्हणावं, बाकीचं भेटल्यावर बोलू.

दोघींच्या त्या भेटीला मलाही बोलाव, एवढंच मागणं.
तुझा दादा