तो आवाज माझा नव्हता

चि. स्वरदा,

काल जेवताना तू सगळ्यांना सांगितलंस, "आमच्या दादाचा आवाज म्हणजे तोफ! तो ओरडला म्हणून माझा हात वाचला." मी नुसता हसलो.

रिकाम्या काडतुसांत दारू भरून, वर गोळी बसवून ती पुन्हा तयार करायला तुला मीच शिकवलं, इथे पापाकुरात, माझ्या घराच्या गॅरेजमध्ये. दोनच वर्षांत रायफल, पिस्तूल, शॉटगन, तिन्हींत तू मला मागे टाकलंस. क्लबात मी आता 'स्वरदाचा भाऊ' आहे. वीस वर्षं घालवली गं मी या खेळात!

शनिवारी, सगळी निशाणं कमीत कमी वेळात टिपायच्या स्पर्धेत, तुझं पिस्तूल धडाडलं नाही, नुसतं फुसकलं. मला तत्क्षणी कळलं, त्या काडतुसात दारू भरायची राहिली आणि गोळी नळीतच अडकली. पुढचा बार काढलास तर पिस्तूल हातात फुटणार. अशा वेळी ज्याला कळेल त्याने "स्टॉप!" म्हणून ओरडायचं, हा नियम नवख्यांना मीच घसा फोडून सांगतो.

मी घड्याळाकडे पाहिलं. माझ्या वेळेपेक्षा तू चार सेकंद पुढे होतीस. मी तोंड उघडलं नाही.

ओरडला तो पंच, क्रेग. तू वळलीस, समोर मी दिसलो आणि तू माझ्याच गळ्यात पडलीस.

मराठी मंडळाच्या सभांत सत्यावर गर्जणारा मी हे पत्र पाठवणार नाही, हे लिहितानाच ठाऊक आहे. काल निघताना तू म्हणालीस, "दादा, पुढच्या स्पर्धेत माझ्या मागे तूच उभा राहा हं." मी हो म्हणालो.

स्वरदा, मला मागे उभं करू नकोस.

तुझ्या विश्वासाला न जागलेला,
सुशीलदादा