दोन्ही किडन्या ठणठणीत

प्रिय धाकट्या,

पायाच्या जखमेत पू झाला म्हणून मी दहा दिवस हॉस्पिटलात आहे. सलाइनमधून जालीम अँटिबायोटिक चालू आहे. काल सकाळी डोसची वेळ झाली, तर नर्सबाई औषधाऐवजी रक्त काढायची सुई घेऊन आल्या. मी आवाज चढवला, "आधी औषध द्या!"

"काका, आधीचं रक्तात किती उरलंय ते कळू दे. फार साचलं तर किडन्या जातील."

"माझ्या किडन्या माझ्यासारख्याच चिवट आहेत," असं सुनावून मी डॉक्टरांकडे त्यांची तक्रारही केली. दुपारी रिपोर्ट आला. औषध दुप्पट साचलेलं! डॉक्टरांनी डोस थांबवला आणि किडन्यांची तपासणी सांगितली. मी नर्सबाईंची माफी मागितली. आयुष्यातली पहिलीच.

खरं सांगू? रात्रभर एकच धास्ती होती. किडनी मागायची तर तुझ्याकडेच, आणि आईच्या कपाटावरून आपण सहा वर्षं बोललेलो नाही. आज कळलं, दोन्ही ठणठणीत आहेत. आता कुठल्या निमित्तानं हे पत्र पाठवू?

भेटायची वेळ चार ते सहा असते. मी तेव्हा जागाच असतो.

तुझा,
दादा