बाबांकडची अळंबी

कालुवा, १२ जानेवारी १९९१

ती. अलिनाफेताईस, योतामुचा सा. न. वि. वि.

मी घरी आलोय. सरोवरावरचं मासेमारीचं काम सुटलं, म्हणजे मीच सोडलं. होडीचा मालक सारखा शिट्ट्या मारायचा. येताना बसमध्ये एका बाईच्या कोंबडीनं माझ्या मांडीवर अंडं घातलं, ते कुणाचं यावर देद्झापर्यंत भांडण चाललं. असो, सांगायचं वेगळंच होतं. कबरींच्या राईतले सात म्बावा वाळलेत. गावात एवढे मोठे वृक्ष आता तिथंच उरलेत, कारण तिथली काडीही कुणी मोडत नाही. बाबांच्या उशाचा तेवढा अजून हिरवागार आहे. मुखिया म्हणतात, मी न सांगता गाव सोडलं म्हणून पितर रुसलेत. तू पडलीस झाडांची डॉक्टरीण. लोक विचारतात, ताई इंजेक्शन नेमकं कुठं टोचते?

आईनं वाळवलेली अळंबी दिलीत. भुईमुगाच्या कुटात शिजव. रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.

तुझा योतामु

झोम्बा, २७ जानेवारी

चि. योतामुस, अनेक आशीर्वाद.

अर्धी अळंबी शिजवली आणि खाता खाता हात थांबला. उरलेल्यांतलं एक भिंगाखाली धरलं. सहा वर्षं मी झाडं मारणाऱ्या या बुरशीमागं रानोमाळ हिंडतेय, आणि ती माझ्याच ताटात! मरणाऱ्या झाडांच्या बुंध्याशी उगवतात ती हीच. बुटाच्या नाडीसारख्या काळ्या दोऱ्यांनी ती जमिनीखालून एका मुळावरून दुसऱ्यावर जाते, वर्षाला पाऊल-दीड पाऊल. साल उचकटली की आत पांढरा पापुद्रा, जणू कुणी वस्त्र धुऊन घडी घालून ठेवलंय. कधी स्वप्नात ती माझ्या पलंगाखालून सरकत जाते. भीती नाही वाटत. कुठवर पोचलीस, एवढंच विचारावंसं वाटतं.

ते मात्र वरून कळत नाही. पान पिवळं पडतं तोवर मूळ केव्हाच गेलेलं असतं. तिची कड सापडली, तर पुढं खंदक खणून राई वाचेल. आईला विचार, अळंबी नेमकी कुठली? आणि निदान उत्तर येईपर्यंत तरी गावात राहा.

तुझी ताई

कालुवा, १० फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आईनं आधी डोंगर सांगितला, मग बाजार, मग मक्याच्या पिठाचा नसिमा ढवळायचा दांडा मला फेकून मारला. परवा पहाटे मात्र स्वतःच म्हणाली, चल. आणि नेलं कुठं, तर राईत! तिथलं काही खाल्लं तर बकऱ्याचा दंड, आणि त्या घरच्या मयताला कुणी खांदा देत नाही, हे तुला माहीतच आहे.

बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी ती त्यांच्याजवळ बसायला गेली होती. घरात कालवणाला काही नव्हतं. पलीकडच्या झाडाशी अळंबी दिसली. तिला वाटलं, त्यांनीच पाठवली. तेव्हापासून अकरा वर्षं ती गुपचूप आणतेय, आणि दरवर्षी ती पाऊलभर बाबांच्या जवळ उगवतात. धुक्यात ती पावलं टाकत सांगत होती : इथं तुझ्या परीक्षेचं वर्ष, इथं दुष्काळाचं, इथं मी पहिल्यांदा पळालो ते. मी तिच्यामागून आपल्या घराच्या साऱ्या वर्षांवरून चालत होतो. शेवटची जागा बाबांच्या झाडापासून चार हातांवर आहे.

तुला लिहू नको म्हणाली. लिहितोय. माया असू दे.

योतामु

झोम्बा, २४ फेब्रुवारी

चि. योतामुस, आशीर्वाद.

मग बाबांचं झाडही काढावं लागेल, मुळासकट, निरोगी असलं तरी. ठेवलं तर त्याच्याच मुळांवरून ती पलीकडं जाईल. काढलं तर पलीकडचे तीसेक म्बावा वाचतील.

मुखियांना मी लिहिलं होतं. उत्तर आलं, मयताशिवाय राईत कुदळ पडत नाही. आणि मी सांगते ती कड पाहिलीय कुणी? पाहिलेली एकच बाई आहे. तिनं गावासमोर बोलावं असं मी म्हणणार नाही. हे पत्र तिला वाचून दाखव आणि मग गप्प बस. तुला जमणार नाही, तरी बस.

ताई

कालुवा, १९ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

बसलो गप्प, चक्क तीन दिवस! चौथ्या दिवशी गावसभेत आई उठली आणि सगळं सांगून मोकळी झाली. मग म्हातारी नाबांदा म्हणाली की, म्हणजे माझ्या लेकीच्या लग्नातलं ते कालवण गं? हळूहळू निघालं, की सगळ्या गावानं खाल्लंय. मुखियांनी तर तीनदा मागून घेतलं होतं. ते घसा खाकरून म्हणाले, दंड करायचा तर गावात तेवढे बकरे नाहीत.

कबरी खणणारे अडून बसले, मेलंय कोण ते सांगा. आई म्हणाली, झाड, माझ्या नवऱ्याच्या उशाचं. मग झाडाच्या नावानं खंदक खणला आणि ते मुळासकट काढलं. बायकांनी मयताची गाणी म्हटली, आधी हसत, मग खरीखुरी. मुळं वर आली तेव्हा तुझ्या काळ्या दोऱ्या कुठंच नव्हत्या. मला आनंद झाला, आई तेव्हा रडली.

योतामु

कालुवा, २१ जानेवारी १९९२

ती. ताईस, सा. न. वि. वि.

हो, मी अजून इथंच आहे. बस रोज समोरून जाते.

अळंबी उगवली. सगळी खंदकाच्या अलीकडं, पलीकडं बाबांच्या बाजूला एकही नाही. उरलेले म्बावा हिरवे आहेत. बाबांवर आता ऊन पडतं. आई रोज तिथं जाऊन बसते. काल घरी येऊन रिकामी टोपली खुंटीला अडकवली आणि म्हणाली, आता ते काही पाठवत नाहीत.

तू एकदा येऊन जा. येताना काही आणू नकोस, नुसती ये.

योतामु